तिसऱ्या हौदाचा वास

गुरुमूर्तींनी तिसऱ्या हौदातून काढलेली साळीची मूठ नाकापाशी धरली होती. मुठीतले पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होते. गिरणीचे मालक कल्याणराम मिटलेली छत्री काखेत धरून उभे होते. हौद उपसायचा का, हा त्यांचा प्रश्न विचारून झाला होता. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. हौदाचा बूच उपटायला वाकलेला गडी तसाच वाकून राहिला होता. बॉयलरची धाप तेवढी ऐकू येत होती.

राजम जेवणाचा डबा घेऊन नवऱ्यामागे दोन पावलांवर उभी होती. फाटकातून आत शिरतानाच तिला कळले होते. भिजत्या साळीचा वास आधी पुसट असतो, ओल्या गोणपाटासारखा. मग तो ताकाकडे झुकतो. पुढे एक घटका अशी येते की त्यात काही गोडसर, कुजके, आजारी माणसाच्या अंथरुणासारखे मिसळते. आणि त्यानंतर साळ वाफवा, वाळवा, कांडा, तो वास दाण्याच्या पोटातून निघत नाही. तिसऱ्या हौदाने ती घटका ओलांडली होती. बहुधा पहाटेच.

बारा महिने आंबूस असलेल्या त्या आवारात हा फरक सांगणारे नाक एकच, असे ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या सगळ्या गिरण्या मानत. तंजावूरकडच्या मराठी ब्राह्मणांना तिथे रायर म्हणतात, आणि गिरणीत गुरुमूर्तींना दुसरे नाव नव्हते. रायर मूठ हुंगत, एक दाणा दाढेखाली फोडत, आणि म्हणत, उपसा. किंवा म्हणत, अजून राहू द्या. एकतीस वर्षांत त्यांचा शब्द फिरला नव्हता. उकडा तांदूळ कोठेही जावो, या गिरणीच्या पोत्याला वास नाही, एवढी त्यांची मिळकत होती.

ते नाक गेल्या वैशाखात गेले होते. कोरोनाच्या तापातून नऊ दिवसांनी सरकारी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा राजमने कॉफी पुढे केली. त्यांनी ती तोंडाला लावली, पेल्यात पाहिले आणि विचारले, डिकॉक्शन घालायला विसरलीस का. मग दोघेही पेल्याकडे पाहत राहिले. डॉक्टर म्हणाले येईल, महिन्याने येईल, सहा महिन्यांनी येईल. वर्ष झाले. चंदन, हिंग, जळता तवा, मेलेला उंदीर, त्यांना सगळे सारखेच. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती, मुलीलाही नाही.

तेव्हापासून राजम रोज दुपारी डबा स्वतः घेऊन येऊ लागली. हौदांच्या कडेने चालत ती नवऱ्यापर्यंत पोचायची आणि पदराने तोंड पुसत मराठीत सांगायची, दुसरा आजच काढा, चौथ्याला सकाळपर्यंत धोका नाही. तिच्या सुरात कुरकूर असायची, मुद्दाम. गिरणीत मराठी कोणाला कळत नव्हती. खळ्यावरच्या बायका हसत म्हणायच्या, रायरम्मा आज पुन्हा रायरांना झापते आहे, भाजीत मीठ कमी पडले म्हणून त्यांनी काल काही म्हटले असेल. गुरुमूर्ती मान खाली घालून ऐकायचे. मग मूठ भरून नाकाशी नेत आणि तमिळमध्ये निर्णय देत.

आज ते तिच्या शब्दाची वाट पाहत होते. मूठ नाकाशी धरून एवढा वेळ ते कधी थांबले नव्हते.

काल, बुधवारी, घरी सासूबाईंचे श्राद्ध होते. राजम पहाटेपासून ओल्या लुगड्यात, सोवळ्याने, चुलीपाशी. तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. रात्रभर अवेळी पाऊस पडून खळे चिखलात गेले होते. सकाळीच मालकांचा फोन आला: उपसलेली साळ पसरायला कोरडी जागा नाही, तिसरा हौद आणखी एक दिवस थांबेल का? गुरुमूर्ती ओलेत्याने, हाताला दर्भ बांधून गुरुजींची वाट पाहत उभे होते. मंगळवारी राजमने त्या हौदाला बरे म्हटले होते, एवढ्या आधारावर ते म्हणाले, राहील. तिने स्वयंपाकघरातून ऐकले. वैशाखातला उकाडा, दुसरी रात्र, न बदललेले पाणी. तिने बाहेर येऊन नाही म्हणायला हवे होते. पण गुरुजी दारात आले, पिंडांचा भात उतरवायचा होता, आणि ते 'राहील' तसेच राहिले.

आता हौद बिघडला असे म्हटले, तर दोष कोणाचा हे ठरवायला कोणाला बसावे लागले नसते. मालक बोलणार नाहीत, ओरडणार तर मुळीच नाहीत. चैत्रातच ते एकदा सहज म्हणाले होते, पलीकडच्या गिरणीत यंत्रच सांगते म्हणे, रायरे, माणसाचे नाक लागतच नाही. ते राहत होते त्या गिरणीमागच्या दोन खोल्या मालकांच्या. मुलीच्या, हरिणीच्या, कॉलेजची दोन वर्षे अजून बाकी. छप्पन्न वर्षांच्या माणसाला आयुष्यभर एकच गोष्ट करता येत होती, आणि तीही आता येत नव्हती.

"बरं आहे," राजम मराठीत म्हणाली. "उपसा म्हणून सांगा. आणि हात धुऊन या, सार निवतंय."

गुरुमूर्तींनी मूठ हौदात सोडली. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे झाले. ते तमिळमध्ये म्हणाले, वास छान आहे, बूच काढा. वाकलेला गडी हलला, मालकांनी छत्री उघडली, पाणी नालीत घुमत गेले.

त्यांनी डबा पुसून खाल्ला. सार कसे झाले आहे ते त्यांनी सांगितले नाही. वर्षभर ते सांगत नव्हतेच.

*

साळ वाफेच्या भांड्यांतून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर धुके होते. गडी टोपल्या धावत आणून खळ्यावर ओतत, आणि बायका त्या गरम ढिगांत उभ्या राहून पायांनी ते पसरत. डावा पाय पुढे, उजवा त्याच्या मागून, पाऊल न उचलता. एकेक चाकोरी पडत जायची आणि दाणे उलटायचे. आभाळ अर्धे उघडे होते. ऊन आले की खळे झळझळायचे, ढग आला की बायका वर पाहायच्या आणि ताडपत्रीच्या टोकाशी जाऊन उभ्या राहायच्या.

या बायकांची मुकादमीण विजयलक्ष्मी. तिचा जन्म इथलाच, पण आई समुद्रापलीकडच्या चहाच्या डोंगरातून एक पत्र्याची पेटी घेऊन परत आलेली. मावशी आणि तिचा सगळा गोतावळा तिकडेच राहिला होता. महिनाभर ती मोबाइलवरच्या बातम्या खळ्याला ऐकवत होती, की त्या बेटाची तिजोरीच रिकामी झाली आहे. मावसभाऊ गॅसच्या रांगेत दोन दिवस उभा होता. लहानग्यांना दुधाची भुकटी मिळत नव्हती. मळ्यातल्या बायका दिवसातून एकदाच चूल पेटवत होत्या. आणि मग एक दिवस कोऱ्या पोत्यांचे गठ्ठे गिरणीत आले. पांढरी पोती, त्यांवर तीन लिप्यांत छापलेले, की हे या राज्यातल्या लोकांनी प्रेमाने पाठवले आहे. सरकारचा तांदूळ जहाजाने तिकडे जाणार होता, आणि आसपासच्या गिरण्यांना त्यातला आपापला वाटा वेळेत कांडून द्यायचा होता. विजयलक्ष्मीने एक पोते उलगडून उन्हात धरले होते.

"माझं नाव कोठं छापलंय ते बघा हो, रायरम्मा," ती म्हणाली होती. "प्रेमानं पाठवणारी मीच ना?"

शुक्रवारी तिने तिसऱ्या हौदाच्या साळीत पाय घातला आणि थांबली. वाकून तिने ओंजळ उचलली, तोंडाजवळ नेली. मग खळ्याच्या कडेला सावलीत उभ्या असलेल्या राजमकडे पाहिले.

"रायरम्मा, याला वास येतोय."

"गरम आहे अजून," राजम म्हणाली. "वाळली की जाईल."

"रायर म्हणाले?"

"रायर म्हणाले."

विजयलक्ष्मीने ओंजळ सोडली. चाकोरी जिथे थांबली होती तिथून तिने पुन्हा पाय ओढायला सुरुवात केली. रायरांनी म्हटले आहे म्हटल्यावर तिला बोलायला जागा नव्हती, हे दोघींना कळत होते.

दुपारनंतर राजम स्वतः खळ्यात उतरली. चपला कडेला काढून, लुगड्याचा काठ वर खोचून. बायकांचे पाय थांबले. रायरांच्या घरची बाई एकतीस वर्षांत खळ्यात उतरली नव्हती. तिने कोणाकडे पाहिले नाही. तिला वाटत होते की थर जितका पातळ होईल आणि दाणा जितक्या वेळा उलटेल तितका त्यातला तो कुजकेपणा ऊन शोषून घेईल. ऊन सगळे शोषते, भिंतीतली ओल, प्रेतामागे उरलेल्या खोलीतली कोंदट हवा. तिचे पाय मऊ होते. गरम साळीने तळवे आधी लाल झाले, मग त्यांवर पाणी भरले. ती ओढत राहिली. मधेच ढग आला, सगळ्यांबरोबर तिने ताडपत्री ओढली, ढग गेला, ताडपत्री काढली. मालक कचेरीच्या दारात आले, त्यांनी तिला पाहिले आणि परत आत गेले.

गुरुमूर्ती बॉयलरकडून आले ते तरातरा.

"तू कसाला उतरलीस?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले. "लोकं काय म्हणतील? माझ्या बायकोला खळ्यात पाठवायची वेळ आली म्हणतील."

"हात कमी पडतात की. सोमवारी लॉरी येणार."

"हे तुझं काम नव्हे." ते थांबले, तिच्या पावलांकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "चांगला होईल ग हा तांदूळ. तू चिंता करू नको. वेळेत उपसला आपण."

ती शनिवारीही उतरली. संध्याकाळी साळ कांडली गेली. गिरणीच्या तोंडातून पडणारा तांदूळ पिवळसर, लांबट, देखणा होता. राजमने मूठभर घेऊन दोन्ही तळव्यांत चोळला आणि नाक लावले. ऊन काहीच शोषून गेले नव्हते. वास फक्त आत जाऊन बसला होता.

*

गुरुमूर्तींचे आजोबा मुक्तांबाळ छत्रात, जुन्या अन्नछत्रात, स्वयंपाकी होते. रामेश्वराला निघालेल्या वाटसरूंना तिथे दोन वेळ पान मिळे. आजोबांनी घराला एक रीत लावून दिली होती: दुसऱ्याला द्यायचे अन्न आधी देणाऱ्याच्या घरी शिजायचे. तिथल्या शेकडो पानांआधी ते स्वतः एक घास खात, मीठ कमी असेल तर आधी आपल्या जिभेला, कच्चे असेल तर आधी आपल्या पोटाला. छत्र केव्हाच सरकारी झाले. रीत मात्र या घरात कशीबशी तगून होती: देवळात द्यायचा प्रसाद, शेजारी पाठवायची वाटी, श्राद्धाचे शिधे, सगळ्यातून एक मूठ आधी घरच्या चुलीवर जाई.

रविवारी सकाळी गुरुमूर्ती गिरणीतून एक माप तांदूळ उपरण्यात बांधून घेऊन आले.

"हा शिजव," ते म्हणाले. ते इतके हसरे गेल्या वर्षभरात दिसले नव्हते. "जहाजावर जाणारा आहे. आपल्या गिरणीचा. आजोबा असते तर पहिलं पान त्यांनी मांडलं असतं."

राजम म्हणाली, घरात तांदूळ भिजत घातला आहे, उद्या बघू. ते म्हणाले, उद्या लॉरी. ती म्हणाली, तांदूळ अगदी नवा आहे, जड पडेल. ते हसले. मापाला हात लावायला ती उठेना, तेव्हा त्यांनी स्वतःच तांदूळ धुतला, तीन पाण्यांनी, बोटांनी हळू, लहान मुलाचे डोके धुवावे तसा, आणि पातेले चुलीवर ठेवले.

पहिली उकळी आली तशी ती खोली भरत गेली. गिरणीत हजार वासांत जो दडला होता तो इथे, पुसलेल्या ओट्यावर, देवापुढच्या जास्वंदीत, कोरड्या लुगड्यांच्या घडीत, एकटा आणि उघडा झाला. हरिणी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत बसली होती. ती नाक दाबतच बाहेर आली आणि तिने तोंड उघडले. राजमने तिच्याकडे पाहिले. एवढेच. मुलीने बापाकडे पाहिले. ते पातेल्यावर वाकून, वाफ तोंडावर घेत, शिते बोटांनी दाबून पाहत होते.

तीन पाने मांडली. भात, वर आंबट भाजी, कडेला पापड. गुरुमूर्तींनी आपोष्णी घेतली आणि पहिला घास खाल्ला. चावला. दुसरा खाल्ला.

"मऊ झालाय," ते म्हणाले. "सुटा आहे बघ. दाणा दाण्याला चिकटेना." मग मुलीकडे वळून, "हरिणी, वास कसा आहे ग?"

घरात मराठी ऐकून वाढलेल्या, पण उत्तर नेहमी तमिळमध्ये देणाऱ्या त्या मुलीने पानातल्या ढिगावर बोटे टेकवून ठेवली होती. ती एकोणीस वर्षांची होती. तिने आईकडे पाहिले नाही.

"छान आहे, अप्पा," ती तमिळमध्ये म्हणाली. आणि घास घेतला.

राजमनेही घेतला. भाजीने तो वास झाकला जात नव्हता. एकेक घास तिघेही खात होते. त्यांतला एक सावकाश, तृप्तीने, आजोबांच्या गोष्टी सांगत, की एकदा छत्रात मध्यरात्री चाळीस माणसे आली आणि आजोबांनी कोणाला जागे न करता एकट्याने चुली पेटवल्या, आणि सर्वांत आधी काय केले? तर एक घास स्वतः खाल्ला. त्यांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. राजमने वाढला.

ते हात धुवायला मागच्या दारी गेले तेव्हा हरिणीने पान सारले.

"केव्हापासून?" तिने विचारले.

"तापापासून."

"आणि हे? हे त्यांना माहीत नाही?"

राजमने नकारार्थी मान हलवली. मुलगी उठून न्हाणीत गेली. तिच्या ओकण्याचा आवाज येऊ नये म्हणून तिने नळ सोडला होता, पण तो आवाज आला. बाहेर गुरुमूर्ती चूळ भरत होते. त्यांनाही तो ऐकू गेला. आत येऊन त्यांनी काळजीने विचारले, पोरीला काय झाले. राजम म्हणाली, ऊन बाधले.

मुलगी परत आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाप ओसरीवर आडवा झाल्यावर ती मोडक्या मराठीत बोलली. ती आईशी इतके मराठी कधी बोलल्याचे राजमला आठवत नव्हते.

"अम्मा, तिकडं लहान पोरं खातील हे. तू सांग. नाही तर मी सांगते."

"सांग," राजम म्हणाली. "मग आपण कोठं राहूं तेही सांग."

राजमने उरलेला भात पातेल्यासकट मागच्या दारी नेला. शेजारची गाय दावणीला होती. तिने पुढे ठेवलेला भात गायीने हुंगला, जिभेने एकदा चाटला आणि तोंड फिरवले. राजम तिथेच बसून राहिली, तळव्यांवरचे फोड जमिनीला लागू नयेत म्हणून पाय बाजूला घेऊन. कालव्यात पाणी नव्हते. धरणाचे पाणी यायला अजून वेळ होता. काठच्या माडांच्या सावल्या कोरड्या वाळूवर पडल्या होत्या आणि त्यांवरून एक मोपेड धूळ उडवत गेली.

*

सोमवारी दुपारी डबा घेऊन ती गिरणीत पोचली तेव्हा लॉरी उभी होती आणि तिसऱ्या हौदाची एकशे सहा पोती शिवून, थरांनी रचून तयार होती. तोंडावर मास्क लावलेला तरुण तपासनीस टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसून दाणे काढत होता. मोडक्या दाण्यांचा तुकडा मोजला, ओल मोजणाऱ्या यंत्रात दाणे घातले, कागदावर खुणा केल्या. सगळे ठीक होते. खळ्यावरच्या बायका भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. लॉरी भरली की त्यांना या हंगामातली शेवटची मजुरी मिळणार होती. विजयलक्ष्मी मोबाइल मांडीवर उलटा ठेवून पोत्यांकडे पाहत होती.

तपासनीस वाईट माणूस नव्हता. त्याने आदराने सांगितले की कागदावर वासाचीही एक ओळ आहे, पण या गिरणीत रायर असताना मी काय हुंगणार. रायरांनी म्हणावे, मी लिहितो. मालक हसले. त्यांनी नळीतले दाणे गुरुमूर्तींच्या तळहातावर ओतले.

गुरुमूर्तींनी ताठ उभे राहून ते स्वीकारले. दोन्ही तळव्यांत चोळले, त्यांवर फुंकर घातली, नाकाशी नेले. सवयीने, केवळ सवयीने, त्यांचे डोळे राजमकडे वळले. त्यांना उत्तर ठाऊक होते. त्यांनी काल दोनदा वाढून घेतले होते. ते फक्त तिच्या कुरकुरीची वाट पाहत होते, म्हणजे बायका हसतील आणि दिवस नेहमीसारखा होईल.

राजमने डबा खाली ठेवला.

"आंबलंय," ती म्हणाली.

ती मोठ्याने बोलली होती. सगळ्यांनी ऐकले, कोणाला कळले नाही. कोणीतरी बाई हसली.

गुरुमूर्तींच्या कपाळाला आठी पडली, ऐकण्यात चूक झाल्यासारखी.

"गुरुवारीच आंबलं होतं," ती म्हणाली. "हौदातच. तुम्ही मूठ धरून उभे होतात तेव्हाच. मी खोटं सांगटलं. काल खाल्लात तोही तसाच होता. पोरीनंही खोटं सांगटलं, मी डोळे केले म्हणून. अत्ता तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. ह्यांच्यातल्या कोणाला कळलं नाही. काय म्हणायचं ते म्हणा."

शेवटी तिचा सूर पुन्हा त्या रोजच्या कुरकुरीवर आला होता. तोच एक सूर तिला या आवारात येत होता. बायका पुन्हा हसल्या. मालक म्हणाले, रायरम्मा आज फार रागावल्या दिसतात, काय केलेत रायरे?

विजयलक्ष्मी हसली नव्हती.

गुरुमूर्ती तळव्यातल्या दाण्यांकडे पाहत होते. त्यांनी ते पुन्हा नाकाशी नेले, यावेळी डोळे मिटून, आणि दीर्घ श्वास घेतला. एवढा दीर्घ, की त्यांच्या बरगड्या सदऱ्यातून वर आल्या. मग आणखी एक. त्या दाण्यांनी त्यांना काहीच सांगितले नाही. त्यांनी एक दाणा दाढेखाली फोडला. तपासनिसाचे पेन कागदावर टेकले होते.

"माझं नाक गेलं आहे," ते तमिळमध्ये म्हणाले. "वर्ष झालं. मला वास येत नाही."

तपासनीस हसला, थट्टा वाटली त्याला. गुरुमूर्तींनी ते वाक्य तसेच, शब्दाला शब्द, पुन्हा म्हटले आणि पुढे म्हणाले, ही पोती चढवू नका. मास्क काढा आणि तुम्हीच बघा.

त्याने मास्क खाली ओढला. दाण्यांवर पाण्याचे दोन थेंब टाकून चोळले, नाक जवळ नेले, आणि चटकन तोंड मागे घेतले. दुसरे पोते उसवले, तिसरे उसवले. मग तो कोणाकडे न पाहता कागदावर बराच वेळ लिहीत राहिला. लॉरीवर चढलेले दोन गडी हळूच खाली उतरले. बायकांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. मजुरी आज मिळणार नाही, हे सगळ्यांना एकदमच कळले असावे. एक म्हातारी उठून पदर झटकत म्हणाली, त्यांना खायला मिळेना आणि आम्हालाही मिळेना, बरे झाले. विजयलक्ष्मी उसवलेल्या पोत्यापाशी गेली. तिने छापील अक्षरांवरून एकदा हात फिरवला आणि राजमकडे अशा नजरेने पाहिले, की तीत उपकाराची जाणीव नव्हती आणि क्षमाही नव्हती.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

राजमने खाली ठेवलेला डबा उचलला.

मालक गुरुमूर्तींजवळ आले. त्यांचा आवाज मऊ होता, नेहमीपेक्षाही मऊ. ते म्हणाले, मला आधी सांगायला हवे होते, रायरे, घरच्यासारखे होतो आपण. आणि म्हणाले, आता आराम करा. खोल्यांची घाई नाही, महिनाअखेरपर्यंत. मग ते कचेरीत गेले आणि आतून पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

गुरुमूर्तींनी कमरेची किल्ली सोडली, बॉयलरच्या खिळ्याला अडकवली. हौदांच्या कडेने ते चालत गेले, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि चौथ्यापाशी क्षणभर थांबले; त्यात नवी साळ भिजत होती. ते वाकले नाहीत. राजम पाय उचलत, फोडांवर भार न देता, त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. बाहेर ऊन होते. त्यांची सायकल भिंतीला टेकलेली होती, तिला त्यांनी हात लावला नाही.

ती त्यांना म्हणाली की दोष तिचाच, तिने बुधवारीच उंबऱ्याबाहेर यायला हवे होते. ती म्हणाली की भीती वाटली. ती म्हणाली की त्यांनी जे केले ते आजोबांना आवडले असते. आणि हे बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण ते बोलण्याचा हक्क तिच्यापाशी उरला नव्हता. ते ऐकत होते की नाही कळत नव्हते. त्यांचा चेहरा तिच्या बाजूला होता, पण डोळे पलीकडच्या रिकाम्या शेतांवर होते, जिथे कापणीचे खुंट काळे पडून गेले होते.

"अहो," ती म्हणाली. "उद्यापासून मी जे सांगीन, कॉफी आहे, पाऊस येणार आहे, दूध नासलंय, काही सांगीन, ते तुम्ही खरं मानाल की नाही?"

गुरुमूर्तींनी चपला नीट पायात सरकवल्या. मग ते वळले आणि कोरड्या कालव्याच्या काठाने, माडांच्या तुटक सावलीतून, घराच्या उलट दिशेला चालू लागले.